उलटं जायची शिकवणी

...आणि वर मलाच म्हणतात, "मॅडम, आप सोचती बहुत हैं." आता पायांखाली आठ चाकं बांधलेल्या बाईनं विचार करायचा नाही तर काय करायचं, तुम्हीच सांगा. आठ. मी मोजलीत. एका पायाला चार, दुसऱ्याला चार, आणि आमच्या स्कूटरला बिचारीला दोनच आहेत तरी तिच्यावर मागे बसले की मी ह्यांचा स्वेटर दोन्ही मुठींत धरते, आणि ती तर सरळ पुढे जाते हो, रस्ता दिसत असतो, हॉर्न असतो, ब्रेक असतो... आणि हे भाटी सर मला सांगतायत, आठ चाकांवर उभ्या राहा, आणि उलट्या जा. नुसत्या जा नाही, काबूत जा. मागे कोण आहे, काय आहे, भिंत आहे की म्हैस आहे, बघायचं नाही. हसत जायचं.

मी भित्री नाही हं. मला फक्त आधी सुचतं.

म्हणजे कसं, चहाचं आधण ठेवलं की मला चहा दिसत नाही, आधी भाजलेला हात दिसतो. हे ड्यूटीवर निघाले की हे परत येताना दिसत नाहीत, थेट रेल्वेचा माणूस दारात टोपी काढून उभा दिसतो. माझे मिस्टर रेल्वेत गार्ड आहेत, मालगाडीवर. आम्ही मूळचे अमळनेरचे, बढती मिळाली आणि इकडे जयपूरला आलो, छोट्या लाईनवर, म्हणजे मीटरगेजवर. त्याला आता तीन वर्षं झाली. मी स्वतः बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन, त्यामुळे मला जे सुचतं ते वजन आणि वेगासकट सुचतं. आमच्या शेजारच्या इंदुमतीताई म्हणतात, "विनया, तुला देवानं डोकं दिलंय ना, मग ते अधूनमधून उशीवर ठेवत जा."

पण मी चाकांवर स्वतःच्या हौशीनं चढले नाही, हे आधी ऐकून घ्या.

आमच्या कॉलनीत रेल्वेचं इन्स्टिट्यूट, म्हणजे क्लब, आहे, त्याच्या मागे बॅडमिंटनसाठी केलेली सिमेंटची मोठी जागा आहे, तिथे दर रविवारी सकाळी भाटी सर मुलांना स्केटिंग शिकवतात. भाटी सर फौजेतून निवृत्त झालेत. मिशा अशा, की मुलं त्यांच्या मिशांकडे बघून डावं-उजवं ओळखतात. आमची चित्रा सहा वर्षांची, तिनं हट्ट धरला, ह्यांनी "जाऊ दे की" म्हटलं, मी पंधरा दिवस विचार केला आणि मग एका रविवारी दोन स्वेटर, कानटोपी, गुडघ्यांना जुन्या मोज्यांच्या पट्ट्या असं करून तिला पाठवलं. पाठवलं म्हणजे काय, मी पण गेलेच. कडेला उभी राहिले.

आणि पोरगी काय जात होती, तुम्हाला सांगते... दिवाळीपर्यंत नुसती वाऱ्यासारखी. हात पसरून, जीभ थोडी बाहेर काढून. मलाच धाप लागायची बघून.

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. ती कोपऱ्यावर वळत होती, मला दिसलं की ही वळताना फार कललीय, आणि मी ओरडले. "अगं, पडशील."

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आणि पडली.

हनुवटीला तीन टाके. रेल्वेच्या दवाखान्यात टाके तिला घालत होते आणि नर्सनं खुर्ची मला आणून दिली. नंतर भाटी सर भेटायला आले, संत्री घेऊन, आणि दाराशी एवढंच म्हणाले, "बच्ची ठीक जा रही थी, मॅडम. आपने आवाज़ दी." रागावले असते ना, तर मी भांडले असते. मला भांडता येतं. पण ते रागावलेच नाहीत हो. संत्री ठेवली आणि गेले.

मग पुढचे पाच रविवार चित्रा बॅडमिंटनच्या जाळीचा खांब धरून उभी. पायांत चाकं, दोन्ही हातांनी खांब, बाकीची पोरं भोवती गरगर फिरतायत आणि ही तिथेच. सर समजावून थकले. "आई, मी गिरले तर?" आमची पोरं अशीच बोलतात, शाळेतलं हिंदी आणि घरातलं मराठी एका ताटात. खांबाचं एक वेळ सोडा, पण मग ती झोपाळ्याजवळही तेच म्हणायला लागली. जिना उतरताना तेच. इंदुमतीताईंच्या ओट्यावरून रोज उडी मारायची, तिथे बसून घसरत खाली यायला लागली. "आई, गिरले तर?" मी रात्रंदिवस ऐकत होते आणि मला कळत होतं की हे वाक्य माझं आहे. त्यातलं हिंदी तेवढं तिचं.

मला सगळं चालेल हो. तिला गणित नाही आलं चालेल, पोळ्या गोल नाही आल्या तरी चालेल. पण माझ्यासारखं आधी सुचायला लागलं तर काय करायचं? एका घरात दोघींना सुचायला लागलं तर चहा कोण करणार?

शेवटी भाटी सरांनी तिलाच विचारलं, "बेटा, कैसे चलोगी?" ती म्हणाली, आई माझे दोन्ही हात धरेल, आणि मला आईचं तोंड दिसलं पाहिजे. आता बघा, पोरगी पुढे येणार, तिचे दोन्ही हात माझ्या हातांत, आणि माझं तोंड तिच्याकडे. मग मी कुठे जाणार? मी म्हटलं, मी चपला घालूनच उलटी चालते की. तसं करून बघितलं. तीन पावलांत तिची चाकं माझ्या अंगठ्यावरून गेली. सर म्हणाले, "आपके पाँव रुक-रुक के चलते हैं, वो डरती है. पहिये बाँधिए, मॅडम. छब्बीस जनवरी को बच्चों का प्रोग्राम है, तब तक दोनों चल पड़ेंगी."

मी भित्री नाही, मला फक्त आधी सुचतं, आणि त्या क्षणी मला इतकं सुचलं की मी "हो" म्हणून बसले. घाईत होतं असं माझं.

इथल्या सी-स्कीम भागातल्या खेळांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "बेबी का पैर कितना है?" चित्रानं माझ्या पायाकडे बोट दाखवलं. त्यानं बघितलं, माझ्या जोडव्यांकडे बघितलं, आणि शिडी लावून सगळ्यांत वरच्या फळीवरचा खोका काढला. त्याच्यावर इतकी धूळ होती की एवढ्या पायाचं गिऱ्हाईक त्याला आजवर मिळालेलं नसावं.

साडीत हे होणार नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा सलवार-कमीज घातली, ती इंदुमतीताईंच्या पुतणीची. ताईंनी स्वतः ओढणी कमरेला गच्च बांधून दिली आणि मग माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून म्हणाल्या, "पुढून ठीक आहे. पण पडणार तू मागे." ते तर मला आधीच सुचलं होतं. मी पाहुण्यांसाठी ठेवलेली जयपुरी रजई काढली. इथल्या रजया बघितल्यात ना, वजनाला काही नाही आणि घडी घातली की उशीएवढी होते. ती घडी पाठीमागे कमरेखाली ठेवली आणि वरून ह्यांच्या जुन्या पट्ट्यानं आवळली. भाटी सरांनी मला लांबून येताना बघितलं आणि टोपी काढून परत घातली. म्हणाले, "मॅडम, रजाई तो सोने के लिए होती है." मी म्हटलं, सर, मी लवकरच आडवी होणार आहे.

झालेच. पहिल्या रविवारी मी अकरा वेळा आडवी झाले. पुढे पडायचा प्रश्नच नव्हता.

आता उलटं जायचं कसं, तर ऐका. पायाचे चवडे आत वळवायचे, टाचा बाहेर. गुडघे वाकवायचे. मग टाचा बाहेर ढकलायच्या, पाय आपोआप लांब होतात, आणि ते फार लांब व्हायच्या आत टाचा परत आत ओढून घ्यायच्या. म्हणजे दोन पायांनी जमिनीवर एक करंजी काढायची. मग दुसरी करंजी, मग तिसरी. थांबायचं झालं तर टाचा थोड्या उचलायच्या, पुढे चाकांच्या नाकाशी रबराचा ठोकळा असतो तो जमिनीला लागतो, आणि माणूस थांबतो. इतकं सोपं. गुरुत्वमध्य कुठे, घर्षण कुठे, मी सरांना कागदावर काढून दाखवलं. सरांनी कागद बघितला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "घुटने, मॅडम. घुटने."

कारण माझे गुडघे वाकायचेच नाहीत. ते ताठ. आणि मान? मान सारखी मागे. मी पाय हलवायच्या आधी मागे बघायची, हलवताना मागे बघायची, आणि मान जिकडे वळते तिकडे बाईही वळते हो, म्हणजे मी उलटी जायची ती गोल गोल, आणि शेवटी खांबापाशी. तिथे चित्रा असायचीच. दोघी मायलेकी एकच खांब धरून उभ्या. इन्स्टिट्यूटमध्ये रमी खेळायला येणारे ड्रायव्हर लोक पायरीवरून बघायचे आणि आदरानं मान फिरवून घ्यायचे.

"घुटने, मॅडम." "सर, मागे कुणी असलं तर?" "मैं देख रहा हूँ ना." "पण सर, तुमचं लक्ष नसलं तर?" भाटी सर सीमेवर कुठे कुठे उभे राहिलेला माणूस. त्यांच्या तोंडावर असं कुणी विचारलं नसेल. मिशीच्या आत काहीतरी म्हणाले, राजस्थानीत.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, मला नाही जमणार. हे जेवत होते. ह्यांचं बोलणं फार कमी, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून बसून तशी सवयच झालीय. मला वाटलं, म्हणतील, बरं, सोड. तर पाणी पिऊन म्हणाले, "गाडी मागे ढकलायची असते तेव्हा ड्रायव्हर मागे बघतो का?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"नाही बघत. मागचं त्याला दिसतच नाही. मागे गार्ड असतो. गार्ड झेंडी दाखवतो, ड्रायव्हर झेंडी बघतो. मागे काय आहे ती काळजी गार्डाची."

आठ वर्षं झाली लग्नाला. हा माणूस शेवटच्या डब्यात बसून नक्की काय करतो, हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटायचं हिशेबाची वही आणि डबा.

पुढच्या रविवारी हे आले. त्यांच्या जुन्या, विरलेल्या झेंड्या घेऊन, आणि गळ्यात शिट्टी. सिमेंटच्या टोकाला उभे राहिले, माझ्याकडे तोंड करून. हिरवी वर-खाली हलवली की लांब जा, हिरवी आडवी हलवली की इकडे ये, तांबडी दिसली की आहे तिथे थांब. बस. मी त्यांच्याकडे बघायचं आणि करंज्या काढायच्या. चेहरा अगदी ड्यूटीवरचा. बायको आहे म्हणून हसले नाहीत, उलट मी हसले तर शिट्टी मारली.

आणि तुम्हाला सांगते... गेले. वर-खाली, वर-खाली, ती विरलेली हिरवी झेंडी लहान लहान होत चालली म्हणून मला कळलं की मी जातेय. एक करंजी, दुसरी, तिसरी. डिसेंबरचं ऊन पाठीवर, कुणाच्या तरी घरी गजक कुटत असावेत तसा तिळाचा वास, चाकांचा खरखर आवाज, आणि माझी मान सरळ. नऊ करंज्या झाल्यावर तांबडी दिसली, मी टाचा उचलल्या आणि थांबले. मागे वळून बघितलं तर भिंत चांगली चार हात लांब. नऊ करंज्या होईपर्यंत मला काहीही सुचलं नव्हतं. इतकं रिकामं डोकं मला लग्नाच्या आधीसुद्धा आठवत नाही.

मग चित्रानं खांब सोडला आणि माझे हात धरले. पहिल्या दिवशी इतके घट्ट, की माझ्या बांगड्यांचे वळ माझ्याच मनगटावर. मी मागे, ती पुढे, आणि तिच्या डोक्यावरून मला हे दिसायचे, झेंडी घेऊन. महिनाभर आम्ही तिघं असेच. हे मालगाडी घेऊन गेले असले तर त्या रविवारी आम्ही करंज्या काढत नसू, कॉलनीत सगळ्यांना माहीत झालं होतं, आज गाडी बंद आहे.

पण हात काही सुटत नव्हते. सर म्हणायचे, "एक हाथ छोड़ो, बेटा." ती मान हलवायची. मग माझ्याकडे बघायचे, की तुम्ही सोडा. मी पण मान हलवायची. आता मी भित्री नाही, पण मला फक्त आधी सुचतं, आणि हात सोडला की काय होतं हे मला हनुवटीवर तीन ठिकाणी दिसत होतं.

सव्वीस जानेवारी. धुकं अकरा वाजता विरलं. झेंडावंदन झालं, मोठे साहेब आणि त्यांच्या मिसेस पुढच्या सोफ्यावर, मिसेसच्या मांडीवर शाल. सगळी कॉलनी भोवती. कार्यक्रम असा, की पंचवीस मुलं कडेनं गोल फिरणार, आणि मधून आम्ही दोघी, हात धरून, ह्या टोकापासून सोफ्याच्या अलीकडे आखलेल्या रेघेपर्यंत. हे एका टोकाला, पाहुण्यांच्या समोरच्या बाजूला. त्या दिवशी नव्या झेंड्या. गणवेश इस्त्रीचा.

निघालो. वर-खाली, वर-खाली. करंजी, करंजी. चित्राची जीभ थोडी बाहेर आली, आणि ती जीभ मी दिवाळीनंतर पहिल्यांदा बघत होते. मी म्हटलं, आता काही बोलायचं नाही.

आणि मागे, मला न दिसणाऱ्या भागात, फोटो काढणारा गृहस्थ सिमेंटवर उतरला. आम्हा दोघींचा जवळून फोटो काढायला. बरोबर माझ्या वाटेत, एक गुडघा टेकून. ह्यांना दिसला. ह्यांनी काय करायचं? गार्ड माणूस. शिट्टी मारली आणि तांबडी झेंडी वर केली.

बरं, ही सगळी मुलं रेल्वेची. दात यायच्या आधीपासून पोरांना तांबडं म्हणजे काय ते माहीत. पंचवीसच्या पंचवीस मुलं जिथल्या तिथे थांबली. एक पाय उचललेला असेल तर तोही तसाच हवेत. पायरीवरच्या ड्रायव्हर लोकांनी चहाचे कप खाली ठेवले. भाटी सर एकटे फौजेचे, ते मध्ये फिरत विचारतायत, "रुके क्यों? अरे, रुके क्यों?" आणि चित्रा... चित्रा तर गार्डाचीच मुलगी. बापाची शिट्टी ऐकली, माझे हात सोडले, आणि ठोकळ्यावर टेकून ताठ उभी. एकटी. भर मैदानात.

त्या सगळ्या जागेत तांबडं बघून न थांबलेली एकच बाई होती. मी मुळात रेल्वेची नाही हो, माझे वडील पोस्टात.

मी चाललेच. वेग काही नव्हता फार, चालत्या माणसाइतका, पण मी जात होते, आणि ती लांब लांब होत होती, एवढीशी, दोन वेण्या, हनुवटीवर खूण, कुणाचाही हात नाही. आणि माझ्या पोटातून तो शब्द वर यायला लागला. तोच. "पडशील." तो गळ्यात आला, जिभेवर आला, मला तो थांबवता येईना, म्हणून मी काय केलं, दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. आता उलटं जाताना हात बाजूला पसरायचे असतात, तोल त्यांनीच सांभाळायचा असतो. मी तोंड सांभाळलं. गुडघे ताठ झाले. रजई एका बाजूला घसरली.

चित्रानं ते बघितलं. तिनं बापाकडे बघितलं, तांबडी अजून वर होती. परत माझ्याकडे बघितलं. आणि सहा वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा तांबडं मोडून ती निघाली. खांब नाही, हात नाही. वाऱ्यासारखी नाही, जरा वाकडी तिकडीच, पण निघाली, आणि येता येता मोठ्यानं, सगळ्या कॉलनीसमोर, साहेबांसमोर, मला म्हणते, "आई, घुटने. घुटने मोड ना."

मी मोडले. तिनं माझे हात धरले, म्हणजे तोंडावरचे काढून धरले, मी टाचा उचलल्या, फोटोवाला कॅमेरा पोटाशी घेऊन बाजूला लोळला, आणि आम्ही हळूच, अगदी हळूच, सोफ्याला जाऊन टेकलो. साहेबांच्या मिसेसनी शाल आवरली, थोडं सरकल्या आणि म्हणाल्या, "बैठिए, बैठिए." मी बसले. मऊ होतं. खाली माझीच रजई.

टाळ्या थांबेनात. चित्रा तर बसलीच नाही, वळली आणि एकटी परत निघाली, गोल. पण बाकीची पंचवीस मुलं अजून तशीच उभी, कारण हिरवी कुणी दाखवलीच नव्हती. मी बघितलं तर गार्डसाहेब तांबडी झेंडी डोळ्यांना लावून उभे. नंतर म्हणाले, सिमेंटची धूळ फार होती.

आता चित्रा रविवारी जाते, मला सांगतही नाही, चाकं खांद्यावर टाकून. ओट्यावरून उडी मारते. परवा जिन्यावर म्हणाली, "आई, तू पुढे नको बघत जाऊस एवढं." मी कडेला उभी राहते आणि तोंडात लवंग ठेवते. लवंग असली की ओरडता येत नाही.

मला वाटलं, चला, माझं काम झालं, चाकं आता माळ्यावर. तर भाटी सरांनी पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात उलटं जाणाऱ्यांची रांग बसवलीय आणि त्यात माझं नाव. बाकी सगळी आठ-नऊ वर्षांची पोरं. मी म्हटलं, सर, मला कुठेतरी मागे ठेवा, कुणाला दिसणार नाही अशी. सर लगेच हो म्हणाले, उंचीप्रमाणे मला सगळ्यांत शेवटी उभं केलं, मी इतकी खूश झाले की यादीत नावापुढे सही करून टाकली. आणि उलटं निघाल्यावर सगळ्यांत शेवटची तीच सगळ्यांत पुढे असते, हे त्यांनी मला सही वाळल्यावर सांगितलं.